एक्का-छक्कीचे सतरा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे एका लांबलचक टेबलक्लॉथची घडी. दुबईच्या एका मोठ्या हॉटेलात, तळघरातल्या लॉन्ड्रीत मी आणि डुमिंग इस्त्रीवर होतो. पार्टीच्या टेबलाचं कापड एकट्याला आवरत नाही. दोन टोकं त्याने धरायची, दोन मी. ताणायचं, झटकायचं, मधोमध दुमडायचं आणि मग एकमेकांकडे चालत यायचं, हाताला हात लागेपर्यंत. त्याची टोकं माझ्या हातात आली तेव्हा तो म्हणाला, "नवरा-नवरीसारखे चालतो आपण, बस्त्याव." मी हसलो. मी का हसलो? — कारण सकाळी काय करायचं ते माझं ठरलं होतं.

ते काय, हे माझ्या तोंडातून आजपर्यंत बाहेर पडलेलं नाही. फादरपुढे गुडघे टेकून मी दारू सांगितली, शिव्या सांगितल्या, मनात आलेली घाण सांगितली. हे सांगितलं नाही. प्रत्येक वेळी जिभेवर यायचं — आणि मी उठून जायचो. आता गुडघे वाकत नाहीत, म्हणून बसून लिहितोय. मी सातवीपर्यंत शिकलो, तेही ढकलत ढकलत. जसं येईल तसं लिहीन. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे.

डुमिंग कोण? आमच्याच वसईचा, शेजारच्या गावचा. आधी तो बोटीवर वेटर होता, मोठ्या प्रवासी बोटीवर. तिथे जुगाराची टेबलं असायची आणि हा त्या टेबलांवर दारूचे ग्लास पोचवायचा. पण बोलायचा असा, की पत्ते हाच वाटत होता. अल क्वोजमध्ये कंपनीच्या कॅम्पात आमची खोली एकच. तेव्हा अल क्वोज म्हणजे गोदामं, गॅरेजं आणि धूळ. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये मिस्सा करून बसने परत आलो, की जेवून सगळे खाली चटईवर बसायचे आणि डुमिंग पत्ते पिसायचा. खेळ एकवीसचा. तो त्याला ब्लॅकजॅक म्हणायचा. पैसे लावले तर पोलीस, आणि पोलीस आले तर सरळ घरी — म्हणून काड्यापेटीतल्या काड्या लावायच्या. खेळ सोपा. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, वर गेलात तर मेलात. एक्का हवा तर एक धरा, हवा तर अकरा. बँक वाटणाऱ्याची. बँकेने सतरापर्यंत पत्ते घ्यायचे आणि सतराला थांबायचं. एवढंच मला माहीत होतं.

आता रजेचं.

नाताळात हॉटेल गच्च भरायचं. आमचा सुपरवायझर मल्याळी. त्याला सगळे मास्टर म्हणायचे. त्याने सांगितलं, इस्त्रीवरून एकच माणूस जाईल. अर्ज दोघांचे, माझा आणि डुमिंगचा. आपसात ठरवा आणि मला एक नाव द्या, यल्ला, चला लवकर. डुमिंगला बहिणीच्या लग्नाला जायचं होतं. बाप नव्हता, बहिणीला चर्चमध्ये आल्तारापर्यंत हाच नेणार होता. आणि मला?

मला मार्सेलिनकडे जायचं होतं. माझी बायको. आम्हाला मूलबाळ नव्हतं, ती गावी एकटी माझ्या आईला सांभाळायची. पावसाळ्यापासून तिच्या अंगावर जात होतं. थांबतच नव्हतं. डॉक्टरने सांगितलं होतं, पिशवी काढायला हवी, आणि लवकर. फोनवर ती म्हणाली, "तुम्ही आल्याशिवाय मी त्या टेबलावर झोपणार नाही. मला भीती वाटते. तुम्ही दाराबाहेर उभे राहा, मग मी झोपते." मी म्हटलं, नाताळाला येतो. शब्द दिला.

आणि खोलीत मी काय सांगितलं? घराची स्लॅब टाकायची आहे, म्हणून जायचंय. स्लॅब. सहा पुरुषांच्या खोलीत, बनियनवर बसलेल्या माणसांत, बायकोची पिशवी कशी काढू तोंडातून? आमच्याकडे हे बोलत नाहीत. पुरुष तर नाहीच नाही. मास्टरलाही मी स्लॅबच सांगितली. "आजारपण" एवढा एक शब्द बोललो असतो, तर मास्टरने दोघांनाही सोडलं असतं. तो माणूस वाईट नव्हता.

डुमिंग म्हणाला, "लग्न आणि स्लॅब. मी माघार घेत नाही, तू घेत नाहीस. मग एक डाव होऊन जाऊ दे." मी म्हटलं, "दे." — हो, मीच म्हटलं. मी बायकोला पत्त्यांवर लावलं. हे वाचून तुम्हाला थुंकावंसं वाटलं तर थुंका, मी पुढे सांगतो.

शुक्रवारची दुपार. खोलीतले सगळे भोवती गोळा झालेले. वाटणारा डुमिंग, म्हणजे बँक त्याची. मला आली दश्शी, मग अठ्ठी. अठरा. मी थांबलो. त्याच्यासमोर एक पत्ता उघडा, छक्की. दुसरा पालथा. त्याने तो उलटला. एक्का. एक्का-छक्कीचे सतरा. माझे अठरा, त्याचे सतरा. कोणीतरी माझ्या पाठीवर थापही मारली. डोळ्यांपुढे मला आमच्या घराचं फाटक दिसलं.

आणि डुमिंग म्हणाला, "थांबा. एक्का आहे. सतरात एक्का असेल तर बँक थांबत नाही, आणखी एक घेते. आमच्या बोटीवर हाच कायदा." आणि त्याने घेतला. दुर्री आली. एकोणीस. "खलास," म्हणाला, आणि पत्ते गोळा केले.

मी काही बोललो का? नाही. मला कुठे ठाऊक होतं, बोटीवर काय कायदा असतो? सातवीचा माणूस मी. दुनिया बघून आलेला तो. मी हसून त्याचा हात हातात घेतला. खोलीतले म्हणाले, दिलदार आहे बस्त्याव. मग खाली जाऊन मी मार्सेलिनला फोन लावला आणि सांगितलं, कंपनीने रजा नाकारली. ती म्हणाली, "बरं. मग ऑपरेशन तुम्ही आल्यावरच करू." तिचा आवाज बारीक झाला होता. मी म्हटलं, अगं करून टाक, भाऊ येईल माझा सहीला. ती म्हणाली, "भाऊ काय माझा नवरा आहे?"

ती मरेपर्यंत कंपनीला शिव्या देत होती.

डुमिंग नाचत गेला आणि नाचत परत आला. मार्सेलिनने त्याच्याबरोबर माझ्यासाठी डबा पाठवला होता, सुका जवळा आणि रव्याचे लाडू. म्हणजे तो तिला भेटला होता. आमच्या ओट्यावर बसून तिच्या हातचा चहा प्यायला होता. मी विचारलं, कशी आहे? तर म्हणाला, "वहिनी बारीक झाल्यात रे. तुझ्या आठवणीने झुरतायत." आणि डोळा मारला. खोली हसली. मीही हसलो बहुतेक. लाडू सगळ्यांनी खाल्ले. पहिला त्याने.

ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात ती गेली. रक्त उरलंच नव्हतं अंगात, भाऊ म्हणाला. मी पोचलो तोपर्यंत माती देऊन झाली होती. आईने मला तिची चप्पल दाखवली, न्हाणीच्या दाराशी काढून ठेवलेली. मी ती उचलली नाही. काही दिवस राहून दुबईला परत आलो. दुसरं करणार काय होतो? इस्त्रीशिवाय मला येतं काय?

आल्यावर कोणीतरी ती कशाने गेली ते विचारलं आणि मी सगळं खरं सांगितलं, स्लॅब नव्हती हेही. आता लाज कसली, ती तर गेली. त्या संध्याकाळी डुमिंग माझ्या खाटेवर येऊन बसला. रडला. आणि मग जे बोलला, ते आजही माझ्या कानात कुसळासारखं आहे. म्हणाला, "बोलला असतास तर, बस्त्याव? मी पत्ते वाटले असते का रे?"

बोलला असतास तर.

त्याने मला चार लाथा घातल्या असत्या तर मी विसरलो असतो. पण हे? म्हणजे मारलं मी? चूक माझी, आणि रडून मोकळा होणार हा? त्या दिवसापासून तो दाढी करताना मी त्याच्या मानेकडे बघायचो. तो जेवताना त्याचे घास मोजायचो. त्याच्या बहिणीच्या लग्नाचा फोटो त्याने खाटेशी चिकटवला होता, पांढऱ्या झग्यातली पोरगी आणि कोटातला हा. रोज उठून मी आधी तो फोटो बघायचो. देवाचं नाव नंतर.

तरी मी काही केलं नसतं. असं मला वाटतं — खरं-खोटं देव जाणे. पण बहादूर आला.

बहादूर हा नेपाळी माणूस, लॉन्ड्रीत नवीन, धुवायच्या मशीनवर. काठमांडूच्या कसिनोत त्याने खरोखर पत्ते वाटले होते, काळा कोट घालून, वर्षानुवर्षं. एकदा दुपारच्या जेवणात बोलता बोलता हे निघालं आणि माझा घास हातात राहिला. मी त्याला विचारलं, बँकेकडे एक्का-छक्की आली तर? त्याने तोंडातलं चावून गिळलं आणि म्हणाला, "सत्रह है ना दादा? हमारे यहाँ सत्रह मतलब सत्रह. डीलर हाथ बाँध के बैठेगा."

आणि समोरच्याचे अठरा असले तर?

"तो वो जीता."

तो जेवत राहिला. त्याला काय माहीत, त्याने काय सांगितलं ते? मी जिंकलो होतो. मी जिंकलो होतो, घरी जायला हवा होतो, ती टेबलावर झोपली असती आणि मी दाराबाहेर उभा राहिलो असतो. पान उलटून माझा चेहरा बघितला आणि या माणसाने तिथल्या तिथे कायदा बनवला. बोटीवरचा म्हणे. बोटीवर तू ग्लास उचलत होतास, भडव्या.

त्याच दुपारी आम्ही त्या टेबलक्लॉथची घडी घातली.

मध्ये एक सांगायचं राहिलं, ते आत्ताच सांगतो. नंतर सांगितलं तर तुम्ही मला सोडून द्याल, आणि ते मला नको. डुमिंग गेल्यावर — तो कसा गेला ते येतंच — पुष्कळ महिन्यांनी बहादूरशी पुन्हा तोच विषय निघाला. तो सांगत होता, प्रत्येक कसिनोचा कायदा वेगळा. कुठे पहिल्या दोन पानांत एकवीस झाले तर दीडपट देतात, कुठे त्याहून कमी. कुठे कुठल्याही पानांवर डाव दुप्पट करता येतो, कुठे फक्त दहा-अकरावर. कुठे हार आधीच मान्य केली तर अर्धं परत मिळतं, कुठे नाही. आणि एक्का असलेले सतरा? ते तर एकाच शहरात दोन तऱ्हा. त्याच्या कसिनोत थांबायचं. समोरच्या कसिनोत आणखी एक पान घ्यावंच लागतं, वाटणाऱ्याची मर्जी नाही. मी विचारलं, मग खेळणाऱ्याला कळतं कसं? तो म्हणाला, "टेबल के कपड़े पे छपा रहता है, दादा. बैठने से पहले पढ़ लो."

म्हणजे डुमिंग खरं बोलला असेल. बोटीवरच्या कापडावर तसं छापलेलं असेल, ग्लास ठेवता ठेवता त्याने वाचलं असेल. असेल की. मग मला पश्चात्ताप झाला? इथे मला चांगलं लिहावंसं वाटतंय, पण खोटं लिहिणार नाही. मला आणखी राग आला. खरा असेल तुझा कायदा. पण सांगितलास कधी? पान उलटल्यावर. हरतोय हे दिसल्यावर. आमच्या चटईवर काय छापलं होतं? चटईवर तर जवळ्याचा रस्सा सांडलेला.

आणि मग कधी कधी पहाटे हेही येतं, की मी तरी कधी सांगितलं? तीच गोष्ट मीही केली की नाही? मार्सेलिनचं दुखणं मी उलटं ठेवलं आणि ती मेल्यावर उघडून दाखवलं. येतं हे मनात. मी कूस बदलतो.

डुमिंगचं काय झालं ते आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याने एका अरबी नवरदेवाचा बिश्त जाळला. बिश्त म्हणजे लग्नात कंदुऱ्यावर, त्यांच्या पांढऱ्या अंगरख्यावर, घालतात तो झिरझिरीत काळा झगा, काठाला सोन्याची जर. आजोबांपासून चालत आलेला, त्याच संध्याकाळी लग्नात घालायचा. डुमिंगच्या नावावर आधीच दोन ताकिदी होत्या. मास्टरने हात वर केले. व्हिसा रद्द झाला, आणि पासपोर्टात असा शिक्का पडला की पुन्हा त्या देशात पाय ठेवायची सोय नाही.

तो ओरडत होता, मी हात नाही लावला, मी बघितलाही नाही. कोणी ऐकेना. मग तो माझ्याकडे वळला. मास्टरसमोर, सगळ्या लॉन्ड्रीसमोर. "बस्त्याव, तू सांग यांना. तू माझा हात ओळखतोस. अशी इस्त्री मी मारीन का?" त्याचा हात मी खरोखर ओळखत होतो. जरीवर त्याच्याइतकी हलकी वाफ कोणी मारत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "कॉलरमधला नंबर तर तुझाच आहे, डुमिंग."

आणि मग — हे सांगताना मला आजही बरं वाटतं, म्हणून हेच सगळ्यात वाईट असेल — मी त्याच्या कानाजवळ जाऊन म्हणालो, "बोलला असतास तर, डुमिंग." त्याला कळलंच नाही. तो म्हणाला, "काय बोलायचं होतं?"

विमानतळावर त्याची बॅग मी उचलली. तो गावभर सांगत राहिला, सगळ्यांनी पाठ फिरवली, एकटा बस्त्याव आला. गावी त्याने टेंपो चालवला. त्याच्यावर जळक्या हाताचा म्हणून शिक्का बसला तो बसलाच. लग्नात पोरं त्याला कोट द्यायची आणि म्हणायची, काका, एवढी इस्त्री. मी म्हातारपणी वसईला परत आलो, तेव्हा मिस्सा झाली की चर्चच्या पायरीवर तो माझी वाट बघायचा. आपण होऊन मार्सेलिनच्या मातीवर मेणबत्ती लावायचा, दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी. मी शेजारी उभा राहायचो. त्याने मेणबत्ती लावली की मला वाटायचं, लाव. आणखी लाव. तेवढ्याने भागत नाही. मागच्या वर्षी तो गेला. त्याच्या बायकोने मला पुढचा खांदा दिला. मी घेतला.

मी त्याला क्षमा केलेली नाही. मला कोणी करावी असंही माझं म्हणणं नाही. त्या टेबलक्लॉथच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं, तेवढं लिहितो आणि थांबतो.

मी पहिल्या बसने गेलो. लॉन्ड्रीत कोणी नव्हतं, मशीनं गार होती. पाहुण्यांच्या कपड्यांच्या दांडीवर तो बिश्त टांगलेला होता, पिशवीत, खोलीचा नंबर लावलेला. आमच्यात पद्धत अशी, की पाहुण्याचा कपडा ज्याने इस्त्री केला त्याने आपल्या नंबराची चिंधी कॉलरच्या आत टाचायची. प्रत्येकाच्या चिंध्या प्रत्येकाच्या खणात. बिश्तवर चिंधी नव्हती, म्हणजे तो अजून कोणाचाच नव्हता.

मी डुमिंगचा खण उघडला. एक चिंधी घेतली. मग त्याच्याच टेबलावर, त्याची इस्त्री लावली, पूर्ण गरम होऊ दिली. बिश्त पसरला. एवढं मऊ कापड मी आयुष्यात हाताळलं नव्हतं. मार्सेलिनच्या लग्नातल्या झग्याची आठवण झाली, पण हात थांबला नाही. इस्त्री जरीच्या काठावर टेकवली आणि धरून ठेवली. केस जळल्यासारखा वास आला. धूर वर आला तसा मी पंखा लावला. इस्त्री उचलली तेव्हा तिचा पूर्ण आकार उमटला होता, टोकासकट.

बिश्त पुन्हा टांगला. कॉलरच्या आत चिंधी टाचली. नंबर जरा तिरका बसला होता. मास्टरला चष्म्याशिवाय वाचता यावा म्हणून टाचणी काढून तो सरळ लावला.